येलदरी धरण : वैशिष्ट्ये आणि सुरक्षा वर्गीकरण (प्रकल्प नोंदी)

२४ जून २०२४, परभणी

गटाचा विषय आज ठरला. शेवटच्या वर्षाची सिव्हिलची मुलं सहसा काँक्रीटचे ठोकळे नाहीतर एखाद्या रस्त्याचं सर्वेक्षण घेतात. यंदाच्या गटाला धरण हवं होतं. त्यांचा ओढा जायकवाडीकडे, मी मात्र येलदरीवर अडून राहिलो. नाथसागराबद्दल, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाबद्दल, शोधलं की ढीगभर मिळतं. येलदरी आपल्या घरातल्या नळाला येतं, आणि तरी वर्गातल्या निम्म्या मुलांना तिथं वीज तयार होते हेच माहीत नव्हतं. जायकवाडीचं पैठणचं वीजकेंद्र १२ मेगावॅटचं आहे, येलदरीचं २२.५ मेगावॅटचं.

दोन पत्रकं करायची. पहिल्यात धरणाची वैशिष्ट्यं, दुसऱ्यात सुरक्षा वर्गीकरण. पहिलं पत्रक आठवड्याभरात होईल. खरा जीव दुसऱ्यात ओतायचा आहे, कारण "धोकादायक धरण" हा शब्द बातमीत आला की त्यातून काय समजायचं, हे सिव्हिल शिकलेल्यालाही नीट सांगता येत नाही.

गटातली एक मुलगी पूर्णा गावची आहे, नदीकाठच्या घरातली. एक मुलगा जिंतूर तालुक्यातला. म्हणजे एक धरणाच्या वरच्या अंगाचा, एक खालच्या. गट असा जमून आला हे चांगलं झालं.

२९ जून

जिंतूरमार्गे येलदरीला जाऊन आलो. वीजगृहाच्या आत जायला लेखी परवानगी लागते, अर्ज दिलाय. आज जे रस्त्यावरून दिसतं तेवढंच पाहिलं. पाणी बरंच खाली गेलेलं, काठावर उघडा पडलेला गाळ भेगाळलेला.

वैशिष्ट्यं: पूर्णा नदी, गोदावरीची उपनदी. अजिंठ्याच्या डोंगरात उगम. मातीचं धरण, मधे सांडवा (जास्तीचं पाणी सोडायची वाट), त्याला १० दरवाजे. लांबी ४,२३२ मीटर, पायापासून उंची ५१.२ मीटर. पूर्ण संचय पातळी ४६१.७७ मीटर. एकूण साठा ९३४ दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यातला जिवंत, म्हणजे वापरता येणारा साठा ८१० च्या जवळ, तळाचा मृतसाठा १२५ च्या आसपास. टीएमसीत (अब्ज घनफुटांत) बोलायचं तर एकूण ३३. वीजगृहात ७.५ मेगावॅटचे ३ संच, १९६८ पासूनचे. वीजगृह महानिर्मिती चालवते, पाणी जलसंपदा विभागाचं.

येलदरीतून सुटलेलं पाणी थेट कालव्यात पडत नाही. ते खाली सिद्धेश्वर धरणात जातं आणि तिथून पूर्णा प्रकल्पाचे कालवे निघतात. येलदरी साठवतं, सिद्धेश्वर वाटतं. त्यामुळे वीज इथं स्वतःच्या मर्जीनं होत नाही. सिंचनाचं आवर्तन (ठरलेली पाण्याची पाळी) सुटलं किंवा धरण भरून पाणी सोडावं लागलं, की ते टर्बाइनमधून काढतात. पैठणची गोष्ट वेगळी, तिथला संच उलटा फिरवून खालचं पाणी पुन्हा वर चढवता येतं. १९८४ चा आहे तो.

तिन्ही संच चालू असताना २,७०० क्युसेक (सेकंदाला घनफूट) सुटतात, म्हणजे एका संचातून ९००. मुलांना म्हटलं, हेड, म्हणजे टर्बाइनवर पाणी किती उंचीवरून येतं ते, सांगू नका, काढा. ९०० क्युसेक म्हणजे सेकंदाला साडेपंचवीस घनमीटर. कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर ७.५ मेगावॅटसाठी हेड ३५ मीटरच्या आसपास निघतो. ५१ मीटर उंचीच्या धरणाला हा आकडा शोभतो. पुढचं गणित त्यांनी आपणहून केलं: तिन्ही संच पूर्ण क्षमतेनं दिवसभर चालले तर ५ लाख ४० हजार युनिट, आणि त्यासाठी रोज साडेसहा दलघमी पाणी. जिवंत साठा त्या हिशेबानं चार महिने पुरेल, पण पाणी उतरेल तसा हेडही उतरतो, म्हणून प्रत्यक्षात वीज कमीच. शिवाय ज्या वर्षी येलदरीच अर्धं राहतं, त्या वर्षी आधी पिण्याचं पाणी राखायचं, मग रब्बीचं, आणि वीज त्याच्या मागून.

६ जुलै

दुसऱ्या पत्रकाला हात घातला. सुरुवात सोप्या वर्गीकरणापासून, म्हणजे आकारापासून. भारतीय मानक ११२२३ धरणाचा साठा आणि पाण्याचा स्थिर हेड बघतं. साठा अर्ध्या ते १० दलघमी किंवा हेड साडेसात ते १२ मीटर असेल तर लहान. १० ते ६० दलघमी किंवा १२ ते ३० मीटर असेल तर मध्यम. त्याच्या वर मोठं. दोन्हींपैकी जो वर्ग वरचा निघेल तो धरायचा.

हे केवळ नाव देण्यासाठी नाही. सांडवा किती पुराला पुरला पाहिजे ते यावरून ठरतं. लहान धरणाला शंभर वर्षांतून एकदा येईल असा पूर, मध्यम धरणाला मानक प्रकल्प पूर (त्या भागातल्या अतिशय जोरदार पावसानं येईल असा), मोठ्याला संभाव्य महत्तम पूर (तिथं येऊ शकेल असा सर्वांत मोठा). येलदरी दोन्ही मोजमापांनी मोठं आहे, त्यात वादाला जागाच नाही. मातीच्या धरणाला हा प्रश्न जिवावरचा असतो. दगडी धरणाच्या माथ्यावरून थोडा वेळ पाणी गेलं तरी ते कदाचित टिकेल. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागलं की खालचा उतार धुपतो, खाच पडते, आणि ती खाच थांबवता येत नाही.

१० जुलै

सकाळी सव्वासातच्या सुमारास भूकंपाचा धक्का. भांडी वाजली, शेजारपाजारचे लोक अंगणात आले. तीव्रता ४.५, केंद्र हिंगोली जिल्ह्यात कळमनुरी तालुक्यात. २१ मार्चला पहाटेही याच भागात ४.५ चा झाला होता. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागात तर जमिनीतून येणारे आवाज लोकांना वर्षानुवर्षं माहीत आहेत.

कॉलेजात पहिला प्रश्न तोच: "सर, येलदरीला काही झालं असंल का?" ४.५ च्या धक्क्यानं नीट बांधलेल्या मातीच्या धरणाला काही होत नाही, हे मी शांतपणे सांगितलं. पण धक्क्यानंतर धरणावर काय बघतात तेही सांगितलं, कारण नुसतं "घाबरू नका" म्हणून भागत नाही. माथ्यावर लांबीच्या दिशेनं भेग गेलीय का, एखाद्या ठिकाणी माथा खचलाय का, पाण्याकडच्या उतारावर रचलेल्या पिचिंगचे दगड सरकलेत का, पायथ्याशी पाझर वाढलाय का, आणि वाढला असेल तर पाणी स्वच्छ आहे की गढूळ. शेवटचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. स्वच्छ पाझर मातीच्या धरणाला असतोच. गढूळ पाझर म्हणजे पाण्याबरोबर धरणाची मातीही निघून चाललीय.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानुसार ३० मीटर किंवा त्याहून उंच धरणांवर भूकंपमापन केंद्र लागतं. परभणी-हिंगोली २००२ च्या भूकंप नकाशावर झोन दोनमध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होते, पण उंचीमुळे येलदरी या अटीत येतंच.

२० जुलै

आजची बैठक चांगलीच लांबली. दुसऱ्या पत्रकाचा गाभा आज उलगडला, म्हणून सविस्तर लिहितोय.

एका मुलानं टिपणात लिहून आणलं होतं: "धरणाचा धोका वर्ग जितका वरचा, तितकं धरण कमकुवत." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. हेच वाक्य मला बातम्यांत, चर्चांत, गावच्या पारावर ऐकू येतं. ते मुळातूनच चुकीचं आहे.

धरणाला दोन वेगवेगळे प्रश्न विचारायचे असतात. पहिला: समजा हे फुटलंच, तर खाली काय काय जाईल? माणसं किती, घरं, शेतं, रस्ते, पूल, पाणीयोजना, पर्यावरण, आणि धरणाची स्वतःची किंमत. या प्रश्नात धरण फुटण्याची शक्यता किती, हे विचारलेलंच नाही. कालच बांधलेलं, निर्दोष धरणही या प्रश्नात सर्वांत वरच्या वर्गात बसू शकतं. याचं उत्तर म्हणजे धोका वर्ग. केंद्रीय जल आयोगाच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत असे चार वर्ग आहेत, पहिला सर्वांत कमी परिणामांचा आणि चौथा सर्वांत जास्त.

दुसरा प्रश्न: धरणाची आजची तब्येत कशी आहे? त्याचं उत्तर तपासणीतून मिळतं. पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा, कायद्यानं बंधनकारक. सापडलेल्या त्रुटींवरून धरण तीन प्रवर्गांत जातं. पहिल्या प्रवर्गात अशा त्रुटी, ज्यांनी धरण फुटू शकतं. दुसऱ्यात मोठ्या त्रुटी, ज्यांची दुरुस्ती लगेच हवी. तिसऱ्यात किरकोळ, ज्या वर्षभरात दुरुस्त होतात.

आता आकडे बघा. धोका वर्गात चार हा सर्वांत गंभीर. त्रुटींच्या प्रवर्गात एक हा सर्वांत गंभीर. एक शिडी चढत जाते, दुसरी उतरत. "आमचं धरण पहिल्या वर्गात आहे" असं कुणी अभिमानानं सांगितलं, तर तो कोणत्या यादीबद्दल बोलतोय हे विचारल्याशिवाय खूशही होऊ नये आणि घाबरूही नये. पत्रकावर दोन्हींचे रकाने शेजारी न ठेवता वेगवेगळ्या चौकटीत ठेवायचे आणि प्रत्येक चौकटीवर तिचा प्रश्न पूर्ण वाक्यात लिहायचा, असं ठरवलं.

पूर्णेच्या मुलीनं मग जे विचारलं, त्यावर मी थोडा वेळ थांबलो. "म्हणजे सर, धरण जसंच्या तसं राहिलं आणि खाली वस्ती वाढली, तर वर्ग वर जातो?" हो. अगदी तसंच. साठ वर्षांपूर्वी नदीकाठी जिथं ज्वारी होती, तिथं आज प्लॉट पडलेत, शाळा झालीय, मंगल कार्यालय झालंय. भिंतीतला एक दगडही हलला नाही तरी धरणाची जबाबदारी वाढली. म्हणून धोका वर्ग एकदा काढून फाइलला लावून ठेवायची चीज नाही, आणि तो वाढण्यात पाटबंधाऱ्याच्या अभियंत्याचा हात नसतो. तो हात ग्रामपंचायतीचा, नगरपालिकेचा, आणि पूररेषेत प्लॉट विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असतो.

हे मी वर्गातही बोललो आणि इथंही लिहून ठेवतो: दुसऱ्या पत्रकातून लोकांनी एवढीच गोष्ट घेतली तरी प्रकल्प सार्थकी लागला.

३ ऑगस्ट

पाझर मोजायला मुलांना तालुक्यातल्या एका लहान मातीच्या तलावावर नेलं. मोठ्या धरणाच्या पायथ्याशी आम्हाला कोण जाऊ देणार, आणि मोजायची रीत तर दोन्हीकडे तीच.

पायथ्याच्या चरात व्ही नॉच, म्हणजे पाणी मोजायची व्ही आकाराची खाच, बसवली, ९० अंशांची, पत्र्याची. कडा कानसून धारदार केलेली, कारण कड जाड असली की पाणी पत्र्याला चिकटून उतरतं आणि माप बिघडतं. मागं थोडं पाणी तुंबू दिलं, पातळी स्थिर झाल्यावर पट्टी लावली. खाचेच्या तळापासून ५ सेंटीमीटर. सूत्रानं सेकंदाला पाऊण लिटरच्या किंचित वर. मग मुलांना विचारलं, हीच पातळी १० सेंटीमीटर झाली तर पाझर किती? सगळे म्हणाले दुप्पट. उत्तर ४.४ लिटर आहे, साडेपाच पटीहून जास्त. पाणी उंचीच्या अडीचाव्या घाताप्रमाणे वाढतं. पट्टीवर बोटभर फरक दिसला तरी नोंदवहीत तो मोठा फरक असतो. म्हणून धरणावरचा माणूस रोज पट्टी वाचतो, तेव्हा त्याचं काम किरकोळ समजू नये.

बांधावर बाभळी माजलेल्या. एका ठिकाणी घुशीची बिळं, शेजारी वारूळ. झाडाची मुळं कुजली की बांधात पोकळ वाट राहते, बिळांचं तेच. मुलं फोटो काढत असताना शेजारच्या शेतातले एक मामा आले.

"काय मोजायलाव सर?"

"पाझर मोजतोय, मामा."

"पाझर तं हायेच की. म्या बारका होतो तवापासून बघतोय. अन् पाणी कसं, निवळशंख! गढूळ आलं तं म्याच सांगतो की तुमाला."

मुलांना म्हटलं, मामांचं हे वाक्य नोंदवहीत जसंच्या तसं उतरवा. पाझर किती आहे यापेक्षा तो बदललाय का, हे त्यांना बरोबर ठाऊक आहे.

हा तलाव कायद्याच्या कक्षेत येत नाही. १५ मीटरहून उंच धरणं येतात. १० ते १५ मीटरमधली येतात ती लांबी, साठा, पूर, पाया, रचना यांतली एखादी अट लागू पडली तर. १० मीटरच्या आतलं काहीच नाही. मराठवाड्यातले कितीतरी पाझर तलाव, गाव तलाव या रेषेखाली राहतात. त्यांच्या बांधावरची बाभूळ कोणी काढायची, याचं उत्तर मला गावोगाव वेगळं मिळालंय.

१७ ऑगस्ट

नकाशाचं काम. येलदरीपासून खाली नदी धरून बोट फिरवत गेलो. पहिलंच लागतं सिद्धेश्वर, तेही मातीचं, एकूण साठा २५० दलघमी. येलदरीच्या चौथ्या भागाच्या थोडा वर. वरचं कधी गेलं, तर खालच्याला ते पोटात घेता येणार नाही, उलट त्याचंही पाणी त्यात मिसळेल. एका नदीवर एकाखाली एक धरणं असली की खालच्या धरणाचा विचार वरच्याच्या हिशेबात करावाच लागतो. सिद्धेश्वरच्या खाली वसमत आणि पूर्णा तालुक्यांतली गावं, पूर्णा गाव, मग गोदावरीचा संगम, आणि पुढं विष्णुपुरी व नांदेड शहर. नकाशावर बघताना मुलगी स्वतःच्या घराशी बोट ठेवून थांबली नाही, ते पुढं नांदेडपर्यंत नेलं. मला ते आवडलं.

आकारानं फसू नये म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातल्या तिवरेचं उदाहरण घेतलं. २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं. साठा अडीच दलघमीच्या आत, येलदरीच्या पावणेचारशेव्या भागाएवढा. तरी वीसच्या आसपास माणसं गेली, कारण वस्ती लगेच खाली होती. आकाराच्या वर्गीकरणात साठ्यानं लहान, पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर लहान नाही. पानशेतची आठवणही निघाली, १२ जुलै १९६१. त्यानंतरच्या काळात महाराष्ट्रानं धरण सुरक्षेचा विचार गांभीर्यानं सुरू केला आणि १९८० मध्ये नाशिकला धरण सुरक्षा संघटना उभी राहिली.

२ सप्टेंबर

कालपासून परभणी, हिंगोली, नांदेडमध्ये धो धो पाऊस. आज पोळा. बैल सजवायचे सोडून लोक शेतातल्या आखाड्यावरून जनावरं सोडवून आणतायत. कामाची नोंद नाही.

५ सप्टेंबर

पावसाच्या दोन दिवसांत मुलांच्या फोनवर आलेले मेसेज एकत्र वाचले. "धरण सोडलं", "धरण फुटायला आलं", "दरवाजे निकामी" सगळं एकाच दमात. यातला पहिला मजकूर धरण नीट चालल्याची खूण आहे. दरवाजे उघडणं म्हणजेच सांडवा आपलं काम करतोय. पुराच्या दिवसांत कोणत्या तारखेला किती पातळी राखायची याचं परिचलन वेळापत्रक असतं, आणि पाण्याची आवक बघून आधीच थोडं थोडं सोडलं तर शेवटी एकदम सोडावं लागत नाही.

भीती ज्याची बाळगायची ती वेगळीच: दरवाजा उघडायचा त्या वेळी उघडला नाही तर. म्हणून तपासणीत दरवाजांचे रबरी सील, दोरखंड, गंज, मोटर, वीज गेली तर जनरेटर, जनरेटरही गेला तर हातानं फिरवायची सोय, आणि ती फिरवायला रात्री तिथं माणूस हजर आहे का, हे सगळं बघतात. मुलांनी पत्रकात याला चार ओळी दिल्या होत्या. मी अर्धं पान द्यायला लावलं. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी जाण्याचं एक मोठं कारण म्हणजे वेळेवर न उघडलेला दरवाजा.

२१ सप्टेंबर

आपत्कालीन कृती आराखड्याचा भाग. धरण फुटीचं पाणी कुठपर्यंत, किती वेळात, किती खोल पोचेल, याचे नकाशे. कोणी कोणाला फोन करायचा. कोणतं गाव कोणत्या उंच जागी जाणार. कायद्यानुसार हा आराखडा धरण मालकानं करायचा. पण गावाला त्यातलं एक पान तरी माहीत हवं, हे माझं ठाम मत आहे. पूर्णेच्या मुलीनं स्वतःच्या गावासाठी असं एक पान करायला घेतलंय: उंच जागा कोणती, रात्री तिथं जायचा रस्ता कोणता, म्हाताऱ्या माणसांना नेणार कशात.

३० सप्टेंबर

किल्लारीच्या भूकंपाला आज ३१ वर्षं. त्या पहाटे दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तोवर तो भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. पुढं २००२ मध्ये झोन एक रद्दच झाला आणि लातूर-धाराशिवचा भाग झोन तीनमध्ये गेला. "झोन दोन म्हणजे काळजी नाही" हे वाक्य पत्रकातून आज काढून टाकायला लावलं.

१९ ऑक्टोबर

दोन्ही पत्रकं पूर्ण. येलदरीच्या वर्गीकरणाच्या चौकटीत असं लिहिलंय. आकार: मोठं. सांडव्यासाठी पूर: संभाव्य महत्तम. कायद्याच्या कक्षेत: होय. धोका वर्ग: आमच्या सरावाच्या आकडेमोडीत चौथा आला, कारण खाली सिद्धेश्वर, पूर्णा आणि नांदेड आहेत. पण ही चौकट मी रिकामी ठेवायला सांगितली आणि खाली ओळ टाकली: वर्ग ठरवण्याचा अधिकार राज्य धरण सुरक्षा संघटनेचा. आकडेमोड परिशिष्टात आहे, गृहीतकांसकट. त्रुटींचा प्रवर्गही रिकामा. रस्त्यावरून पाहून धरणाची तब्येत सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, आम्हीही त्यातले नाही.

मुलांना रिकाम्या चौकटी आधी बोचल्या. परीक्षक गुण कापतील असं त्यांना वाटतंय. कापले तर मी बोलेन.

पूर्णेचं एक पान वेगळं छापलंय, ग्रामीण भागातल्या वाचकाला दिसेल एवढ्या ठळक अक्षरात. वीजगृहाच्या परवानगीचं पत्र अजून आलेलं नाही, आलं की संचांची माहिती पुरवणी म्हणून जोडू. पुढच्या वर्षीच्या गटासाठी सिद्धेश्वर राखून ठेवलंय. दोन्ही धरणांच्या नकाशांची सलग पट्टी तेव्हा पूर्ण होईल.